हूं तरी म्हणा

लिफ्टचं बटण मी दोनदा दाबते. पहिल्यांदा दाबल्यावर ते पेटतं, वरून दोराची घरघर ऐकू येते, म्हणजे लिफ्ट निघालेली असते. तरी माझं बोट पुन्हा जातं. सिग्नल हिरवा व्हायच्या आधी माझी स्कूटी अर्धी जालना रोडवर आलेली असते. दुधाला उकळी येईपर्यंत गॅससमोर उभं राहणं मला जमत नाही, म्हणून दूध उतू जातं आणि मग ओटा पुसायची घाई. नवरा म्हणतो, 'पी हळद अन् हो गोरी' ही म्हण तुला बघूनच कुणीतरी काढली असणार.

याच स्वभावाचा मला पगार मिळतो, ही त्यातली गंमत. शहरातल्या एका लहानशा ऑफिसात मी मोबाइलची अ‍ॅपं तपासते. आमच्याकडची पोरंपोरी अ‍ॅप लिहितात आणि मी ते दाबदाबून बघते. कुठे बोट ठेवल्यावर काहीच हलत नाही, कुठे ते गोल चक्र फिरत बसतं आणि बघणाऱ्याचं डोकं फिरतं, ते शोधायचं आणि कुरकुर करायची. लिहिणाऱ्यांचे फोन महागाचे, ऑफिसचं वाय-फाय जोरात. त्यांच्या हातात सगळं पळतं. माझ्याकडे मुद्दाम ठेवलेला एक स्वस्तातला जुना फोन आहे, तडा गेलेल्या काचेचा. तो घेऊन मी रेंज नसलेल्या जागा शोधत फिरते. ऑफिसच्या जिन्याखाली, तळघरातल्या पार्किंगमध्ये, एकदा तर सोयगावच्या रस्त्याला घाट उतरताना गाडी थांबवून. माझ्याइतकं उतावीळ माणूस या कामाला दुसरं मिळणार नाही असं आमचे साहेब म्हणतात, आणि ते कौतुक समजून मी घेते.

गेल्या उन्हाळ्यात अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, वाचा बसली. आई जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून सिल्लोडच्या घरात अण्णा एकटेच राहायचे, मागच्या गल्लीत आत्या होती तेवढाच आधार. दवाखान्यातून त्यांना सिल्लोडला न नेता सरळ माझ्या फ्लॅटवर आणलं. पुढच्या खोलीत खिडकीपाशी लोखंडी दांड्यांचा पलंग टाकला. डॉक्टर म्हणाले, बोलणं थोडंफार परत येईल, पण आतून त्यांना किती समजतंय ते आताच सांगता येत नाही.

हे 'किती समजतंय' आमच्या घरात घर करून बसलं. थोरला भाऊ नाशिकला असतो. तो फोनवर रोज विचारायचा, "काही बोलले का?" आणि मी रोज म्हणायची, "नाही." शेवटी एक दिवस तो म्हणाला, "हे बघ, मला पण वाईट वाटतं. पण कळत असतं तर एवढ्या दिवसांत हो-नाही तरी म्हणाले नसते का? अण्णा आता आतून नाहीत, असंच समजून पुढचं ठरवू." पुढचं म्हणजे सिल्लोडचं घर. बंद घराला वाळवी लागते, दाराशी गवत वाढतं. तिथे बदलून आलेले एक मास्तर भाड्याने घ्यायला तयार होते. अण्णांनी कायमचं माझ्याकडे राहायचं आणि घराची किल्ली मास्तरांना द्यायची. मला यात वावगं काही दिसत नव्हतं. अण्णा माझ्या डोळ्यांसमोर हवेच होते मला. फक्त त्यांच्या तोंडून एकदा 'बरं' ऐकायला मिळालं असतं, तर माझा घास सुखाने उतरला असता.

हा माणूस आयुष्यभर उत्तरं देत बसलेला होता. सिल्लोडच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत त्यांची नोकरी. सोयगावची गाडी कधी, भोकरदनची गेली का, जळगावची लागली का, या प्रश्नांवर आमचं घर चाललं. अशा माणसाला "अण्णा, पाणी देऊ?" असं विचारावं आणि समोरून नुसते दोन डोळे आपल्याकडे बघत राहावेत, हे मला सहन होत नव्हतं. राग यायचा. त्यांचा नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांचासुद्धा.

त्यात भेटायला येणारे. आजारी माणसाला भेटायला जायची आपल्याकडे एक रीत आहे. पिशवीत मोसंबी किंवा बिस्किटाचा पुडा घ्यायचा, पलंगाशी उभं राहायचं, वाकायचं आणि ओरडून विचारायचं, "ओळखलं का?" झटका आलेला माणूस बहिरा होतो असं सगळ्यांनी कुठून शिकून घेतलंय कोण जाणे. "ओळखलं का अण्णा? सांगा बरं मी कोण?" मग श्वास घेण्याइतकंही न थांबता पुन्हा, "नाय ओळखलं? अहो मी! स्टँडसमोर माझं हॉटेल नव्हतं का?" आणि मग माझ्याकडे वळून, अण्णा जणू खोलीतच नाहीत अशा आवाजात, "नाय ओळखत. पार गेलं हो डोकं." दुसरा आला की तोच खेळ पहिल्यापासून. परीक्षा घ्यायची, उत्तर आपणच सांगायचं आणि नापासही आपणच करायचं. चहा पिऊन ते जायचे आणि मी मोसंबी सोलत बसायची, ती सालंही मला नीट निघायची नाहीत.

मी काही वेगळी नव्हते. "अण्णा, चहा घेणार? घेणार ना चहा? अण्णा? बरं, आणते." एवढं सगळं मी एका दमात म्हणायची.

या दिवसांत अण्णांना एक चाळा लागला होता. डाव्या हाताचं मधलं बोट दुमडून त्याच्या पेराने ते पलंगाच्या दांड्यावर वाजवायचे. टक्. मध्येच, कारण नसताना. टक्. लोखंडी दांडा, त्यामुळे आवाज चांगला खणखणीत यायचा. येणाऱ्याजाणाऱ्यांना तो वेडाचा आणखी एक पुरावा वाटायचा. मी फोनवर काम करत बसलेली असताना तो आवाज आला की माझ्या कपाळात जायचा. एक दिवस मी दांड्याला जुना टॉवेल गुंडाळून टाकला. तासाभराने बघते तर अण्णांनी तो ओढून खाली पाडला होता.

एका दुपारी मी त्यांना दोडक्याची भाजी भरवली. शेवटचा घास देताना सहज म्हटलं, "कशी झाली?" आणि उत्तराची वाट कशाला बघायची, ताट उचलून आत गेले. खरकटं काढलं, ताट घासलं, ओटा पुसला, पाण्याची टाकी किती भरलीय ते बघायला गच्चीवर जाऊन आले. परत आत पाऊल टाकतेय तोच पुढच्या खोलीतून घोगरा आवाज आला.

"मीठ."

मी धावत गेले. "काय म्हणालात? अण्णा, काय? मीठ? कशात मीठ? पाहिजे का मीठ?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तोंड जरासं उघडलं, बोट दांड्यावर वाजवलं आणि पुन्हा गप्प झाले. मग संध्याकाळपर्यंत काही नाही. मी उरलेली भाजी चाखून बघितली. खारट झाली होती. भावाला फोन केला, तर तो म्हणाला, "अगं, असे सुटे शब्द येतात त्यांच्या तोंडातून. त्याचा अर्थ नसतो." मला भांडायचं होतं, पण माझ्याकडे दाखवायला होतं काय? एक शब्द, तोही शिळा.

त्याच आठवड्यात ऑफिसात टेम्पोचं प्रकरण झालं. आम्ही तेव्हा शेतमाल न्यायला टेम्पो बोलवायचं एक अ‍ॅप करत होतो. गाव टाकायचं, माल टाकायचा आणि 'गाडी बोलवा' असं हिरवं बटण दाबायचं. थोड्या शेतकऱ्यांना ते वापरून बघायला दिलं होतं. तक्रारीचा फोन मीच घ्यायची. सोयगावकडच्या एका काकांचा फोन आला, आणि मागे एवढा आरडाओरडा की आधी मला वाटलं कुणाला काही झालं.

"म्याडम, तुमचं ते बटन दाबलं. गप! काय हाललं नाय, काय बोललं नाय. म्हनलं, मेलं का जित्तं हाय? म्हनून परत दाबलं. आता बांधावर दोन टेम्पो उभे हायेत, अन् दोघं बी म्हनत्यात मका मीच नेनार!"

"अहो काका, जरा थांबायचं ना दाबल्यावर. रेंज कमी असली की वेळ लागतो. ते आतून काम करतच असतं."

मी हे कुणाला सांगत होते बघा. लिफ्टवाली मी.

"आतून करत आसंल हो! मला भाईरून कसं कळावं? लहान पोराला गोष्ट सांगितली तर ते बी हूं म्हनतं. मानसानं हूं तरी म्हनावं!"

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ हसत होते. मग साहेबांच्या खोलीत गेले. साहेबांचं म्हणणं, अ‍ॅप आणखी पळवू. अ‍ॅप लिहिणारी मुलगी म्हणाली, घाटाखाली रेंजच नसेल तर माझ्या बापालाही पळवता येणार नाही. मी म्हटलं, पळवू नकाच. बोट टेकल्या क्षणी फोन जरासा थरथरू दे, बटणाचा रंग बदलू दे आणि 'ऐकलं. गाडी बघतोय' एवढं उमटू दे. गाडी मग सावकाश येऊ दे. साहेबांना ते पटेना. त्यांच्या मते काम न करता काम केल्याचा देखावा झाला हा. मी तडा गेलेला फोन त्यांच्या हातात दिला, त्यांना जिन्याखाली उभं केलं आणि म्हटलं, दाबा आता. त्यांनी एकदा दाबलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्यादेखत पुन्हा दाबलं. मग वर गेले. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात त्या सोयीचं नावच 'हूं' पडलं. "भाव बघायच्या पानाला हूं लावलं का?" असं लोक एकमेकांना गंभीर चेहऱ्याने विचारायला लागले.

अ‍ॅपमधल्या त्या बाजारभाव बघायच्या पानाची तऱ्हा वेगळीच निघाली. तिथे दुसऱ्यांदा दाबलं की दोन कामं होत नसत. पहिलं अर्धं झालेलं काम टाकून देऊन अ‍ॅप पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. "म्हणजे जो सारखा दाबत राहील," ती मुलगी म्हणाली, "त्याला भाव कधीच दिसणार नाही. आणि तो म्हणेल, हे बंद पडलंय."

मी ते वहीत उतरवून घेतलं आणि घरी गेले. डोक्यात तेव्हा काही पेटलं वगैरे नाही. मला दूध घ्यायचं होतं.

घरी आत्या आली होती. अण्णांची धाकटी बहीण. सिल्लोडहून आलेली, पिशवीतून शेंगा काढून निवडत बसलेली. मी चपला काढत होते तेव्हा ती अण्णांना विचारत होती, "आण्णा, शेंगा उकडू का भाजू रं?"

टक्.

"उकडू का? सांग की. का भाजू?"

टक्.

"आसं काय करतु? उकडते मंग."

मी एका पायात चप्पल घालून दारात तशीच उभी राहिले. तो आवाज मी ऐकलेला होता. इथे नाही, पलंगावर नाही. फार आधी, लाकडावर.

शाळा सुटली की मी स्टँडवर जायची आणि चौकशीच्या खिडकीमागे, अण्णांच्या बाजूच्या स्टुलावर बसून गृहपाठ करायची. खिडकीला अर्धगोल भोक होतं. त्यातून एकामागून एक तोंडं आत यायची. "साहेब, सोयगाव?" अण्णा मान वर करायचे नाहीत. हातातली पेन्सिल फळीवर एकदा वाजवायचे, टक्, आणि मग समोरच्या तक्त्यावर नजर फिरवून सांगायचे, "आत्ता निघंल, तीन नंबरला लावतोय." टक् झालं की खिडकीतलं तोंड गप्प व्हायचं. कुणी दुसऱ्यांदा विचारायचं नाही. अण्णा रजेवर असले की दुसरे एक गृहस्थ बसायचे. ते अण्णांपेक्षा चटपटीत होते, पण पेन्सिल वाजवत नसत. ते तक्ता बघेपर्यंत माणूस तीनदा ओरडायचा, मागचे त्याच्यात सामील व्हायचे आणि सगळ्या स्टँडवर गोंगाट. लहानपणी मला वाटायचं, अण्णांची पेन्सिल जादूची आहे.

पेन्सिल उजव्या हातात असायची. उजवा हात आता नव्हता. म्हणून मला इतके दिवस कळलं नाही.

"आत्या," मी म्हटलं, "पुन्हा विचार. आणि मग बोलू नकोस."

"काय विचारू?"

"शेंगांचंच. एकदाच विचार."

तिने विचारलं. टक्. आत्याचं तोंड उघडलं. मी तिच्यासमोर हात आडवा धरला. अण्णांच्या कपाळावर आठ्या पडल्या. ओठ मिटले, पुढे आले, परत मागे गेले. ते शब्द शोधत होते, आणि कुठे ठेवलाय ते त्यांना ठाऊक होतं, फक्त हात पोहोचत नव्हता. मला चप्पल टोचत होती. स्कूटीची किल्ली मुठीत रुतत होती. जगात मला तेव्हा एकच गोष्ट करावीशी वाटत होती, आणि ती म्हणजे पुन्हा विचारणं.

"भाज," अण्णा म्हणाले.

आत्याने पदर तोंडाला लावला. मी रडले नाही, मी चिडले. दवाखान्यापासून आतापर्यंत ते प्रत्येक माणसाला ऐकलं म्हणून सांगत होते. प्रत्येक 'ओळखलं का?'ला हूं म्हणत होते. आणि आम्ही सगळे पुन्हा पुन्हा तेच बटण दाबून त्यांना पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावत होतो, आणि वर म्हणत होतो, बंद पडलंय.

कळलं म्हणून जमतं असं नाही. पुढचे कितीतरी दिवस मी विचारायची, टक् ऐकायची आणि तरी माझी जीभ सुटायची. मग मी तोंडात लवंग धरायला लागले. लवंग असली की बोलायला जरा अडचण होते. नवरा वाळूजच्या कारखान्यातून आला की मला बघून विचारायचा, "दात दुखतोय का?" आणि उत्तर द्यायला मी वेळ लावला की स्वतःच दांड्यावर टक् वाजवायचा, वात्रट माणूस. अण्णांच्या ओठाची डावी बाजू तेव्हा हलायची. ते हसत होते, हे मी शपथेवर सांगते. पण भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "शेंगा भाज, मीठ जास्त, हे ठीक आहे गं. पण घर म्हणजे शेंगा नाही. मी रविवारी येतो. किल्ली काढून ठेव."

रविवारी तो आला, वहिनी आली, आत्याही सिल्लोडहून आली. संध्याकाळी मास्तर घर बघायला येणार होते; त्याच्या आधी सिल्लोडला पोचून कपाटं रिकामी करायची होती. भाऊ वाईट माणूस नाही. तो लांबून आला होता, त्याला परत जायचं होतं आणि त्याला वडिलांकडे नीट बघवत नव्हतं. माणसाला बघवत नसलं की तो मोठ्याने बोलतो.

"अण्णा!" तो पलंगाशी वाकून म्हणाला. "सिल्लोडचं घर भाड्यानं देतोय. तुम्ही इथंच राहा हिच्याकडं, आरामात. चालंल ना?"

टक्.

"चालंल ना अण्णा?"

टक्.

"व्हय म्हन की रं," आत्या म्हणाली. तिला सगळं माहीत असून तीसुद्धा म्हणाली. "लेकरं तुझ्या भल्याचंच करत्यात."

टक्. प्रत्येक वेळी त्यांचे ओठ जुळून येत होते आणि प्रत्येक वेळी नव्या आवाजाने मोडत होते. कपाळावर घाम आला होता. भावाने पाठ सरळ केली आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "बघ. काय विचारायचं राहिलंय आता?"

"गप्प बसा सगळे!" मी ओरडले. शेजारच्या फ्लॅटमध्ये ऐकू गेलं असणार. "मी विचारते. एकदाच. कुणी ओठ हलवला तर किल्ली देणार नाही."

मी पलंगाच्या कडेला बसले. "अण्णा, घर मास्तरांना देऊ का?"

टक्.

आमच्या घराण्यात शांतता ही सवयीची गोष्ट नाही. भावाने घड्याळ बघितलं. वहिनी पिशवीचे बंद ओढत बसली. आत्या पुटपुटायला लागली, तर मी तिचा हात दाबून धरला. आणि नेमकं तेव्हाच खालून कुणीतरी ओरडलं, "पाणी आलं! पाणी आलं!" आमच्या शहरात नळाला पाणी यायचा दिवस म्हणजे काय असतं ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. आठवडाभर ज्याची वाट बघायची ते आलं, आता मोटर लावा, पिंपं भरा, बादल्या लावा, नाहीतर पुन्हा आठवडा टँकरच्या नावाने बोटं मोडा. नवरा अर्धा उठला. मी त्याच्याकडे पाहिलं. तो बसला. वहिनीने मोटरच्या बटणाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि खाली मान घातली. शेजाऱ्यांच्या मोटरी एकेक सुरू झाल्या. आमचं पाणी जात होतं आणि पाच धडधाकट माणसं एका म्हाताऱ्याच्या ओठांकडे बघत बसली होती.

माझ्या दाढेखाली लवंग नव्हती. मी जीभ दातांत धरली होती. मला आतून ठाम वाटत होतं की आता उत्तर येणार नाही, मी सगळ्यांसमोर तोंडघशी पडणार, पुन्हा विचारायलाच हवं.

"ना," अण्णा म्हणाले. ओठ पुन्हा जुळले. "नाय."

भाऊ खाली बसला. फरशीवरच बसला. त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. तो काही म्हणणार होता. मी बोट वर केलं, कारण अण्णांच्या कपाळावरच्या आठ्या अजून गेल्या नव्हत्या. त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते, चौकशीच्या खिडकीतून आत डोकावणारा माणूस बघतो तसे, अवघडून, मान थोडी पुढे काढून.

"सिल्लोड," ते म्हणाले. मग किती वेळ गेला कोण जाणे. शेजारी पिंप भरून वाहायला लागलं होतं, त्याचा आवाज येत होता. "गाडी कधी?"

आयुष्यभर त्यांना लोकांनी विचारलेला प्रश्न त्यांनी मला विचारला होता. सिल्लोडला त्यांना उठवून बसवणार कोण, रात्री कोण सोबत राहणार, आत्याचेच गुडघे गेलेले, माझं ऑफिस इथे, आणि मला ते माझ्याजवळच हवे होते. यातलं एकही मला लगेच बोलता येईना. भाऊ माझ्याकडे बघत होता, सगळेच बघत होते. नाही म्हणणं सोपं होतं, आणि पटकन हो म्हणून टाकणं त्याहून सोपं होतं.

मी मधलं बोट दुमडलं आणि पलंगाच्या दांड्यावर एकदा वाजवलं.

अण्णांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कपाळावरच्या आठ्या हळूहळू गेल्या. त्यांनी मान मागे उशीवर टेकवली आणि वाट बघू लागले. पुन्हा विचारलं नाही.